उष्ट्या रोटीचा जाहीरनामा

माणसाला भूक लागते हे खरं असलं, तरी भूक हे रोटी विकत घेण्याचं पुरेसं कारण नव्हे, ही गोष्ट मानवजातीच्या लक्षात यायला फार उशीर झाला. हजारो वर्षं लोक भूक लागली की रोटी खात आणि पोट भरलं की थांबत. रोटीलाही काही जीवनदृष्टी असू शकते, तिला जगाला काही सांगायचं असू शकतं, हे या अडाणी पद्धतीत कोणी विचारातच घेतलं नाही. बिचारी मुकाट्यानं खाल्ली जात होती. ताश्कंदपासून घाटापलीकडल्या मार्गिलान गावच्या मुकद्दस-ओपांनीही हा अन्याय जन्मभर केला, आणि सकाळ-संध्याकाळ केला.

मुकद्दस-ओपांची रोटीची भट्टी रेशीमबाजाराच्या मागच्या गल्लीत होती. ओपा म्हणजे ताई. सत्तरी उलटलेल्या बाईला अख्खी गल्ली ताई म्हणत होती, कारण आजी म्हणायची सुरुवात कोणी करायची यावर एकमत होत नव्हतं. तंदुरात हात घालून घालून त्यांच्या हातांवरची लव कधीच जळून गेली होती आणि कोपरापर्यंत जुन्या चटक्यांचे डाग होते. भट्टीला नाव नव्हतं, पाटी नव्हती, ध्येय नव्हतं. दृष्टी होती, पण डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. रोटीच्या मधोमध खिळ्यांच्या ठशानं आठ पाकळ्यांचं फूल उमटवायचं, हा त्यांच्या आईपासूनचा शिरस्ता. ते फूल पाहिलं की लोकांना रोटी कोणाची ते कळे, आणि यापेक्षा जास्त काही कळून घेण्याची कोणाला गरज वाटत नसे. यावरून त्या काळी व्यापार किती मागासलेला होता याची कल्पना यावी.

त्या घरात एक रोटी मात्र विकायची नव्हती. ती आतल्या खोलीत, दाराच्या वर, पांढऱ्या फडक्यात बांधून एका खिळ्याला टांगलेली होती. तिच्या एका कडेचा घास गेलेला होता. घरातलं माणूस लांबच्या प्रवासाला निघालं की त्यानं ताज्या रोटीचा एक घास घ्यायचा, उरलेली घरच्यांनी जपून ठेवायची आणि परत आल्यावर त्यानंच ती संपवायची, असा तिथला रिवाज. अर्धवट टाकलेलं अन्न माणसाला माघारी ओढतं, असं समजतात. (रेल्वेचं तिकीटही लागतं, पण ते दुय्यम.) ओपांचा थोरला मुलगा दोनियोर सायबेरियात सुरगुत शहरी इमारतींच्या कामावर गेला, त्याला सात वर्षं झाली होती. तो दर शुक्रवारी फोन करी आणि सगळ्यांची खुशाली विचारून झाली की शेवटी आईला विचारी, "ओयी, माझी रोटी आहे ना?"

"आहे, बाळा."

"मुंग्या?"

"मुंग्यांची काय बिशाद."

"मग मी येतो."

सात वर्षं तो येतच होता. ओपा मात्र रोज दिवा लावताना त्या फडक्याकडे एकदा पाहून घेत. त्या रोटीवरची धूळही त्यांनी कधी दुसऱ्याला पुसू दिली नाही.

धाकटा मुलगा ओयबेक घरी होता. भट्टीचा कारभार तोच पाहत असे, आणि तो महत्त्वाकांक्षी होता. महत्त्वाकांक्षेचं मुख्य लक्षण म्हणजे जवळचं गिऱ्हाईक दिसेनासं होतं. गल्लीतली माणसं रोज रांगेत उभी असताना ओयबेकला दिसत होतं ते ताश्कंदमधलं एक मोठं सुपरमार्केट, ज्याच्या शाखा शहरभर होत्या आणि ज्याच्या दारात रांग नसून आपोआप उघडणारी काच होती. त्यांनी मार्गिलानची रोटी ठेवायला तत्त्वतः होकार दिला. अटी तीन. भट्टीचे फोटो, स्वच्छतेचा दाखला आणि ब्रँडचा जाहीरनामा. दाखल्याऐवजी एक वेळ हमीपत्र चालणार होतं. जाहीरनाम्याऐवजी काहीही चालणार नव्हतं.

ओपांना यात नवीन काही वाटलं नाही. सोव्हिएत काळात त्या फरगान्याच्या सरकारी पावकारखान्यात होत्या आणि अक्षर बरं म्हणून भट्टीवरच्या लाल कापडावर दरवर्षी प्रतिज्ञा रंगवायचं काम त्यांच्याकडेच असे. 'यंदा आम्ही एकशे दोन टक्के पाव देऊ.' आणि खरोखर देत. वरचे दोन टक्के पाणी असे. तो विटेसारखा पाव सगळ्या शहरात एकाच वासाचा आणि एकाच वजनाचा. कापूसवेचणीला शाळा सुटल्या की ट्रकमध्ये पोरंपोरी तोच पाव छातीशी धरून गाणी म्हणत जात. प्रतिज्ञा कोणी वाचत नसे. आता आठवलं की ओपांना वाटे, त्या न वाचण्यातच केवढा मोठेपणा होता. लोक मान खाली घालून निमूटपणे पाव घेत आणि कारखान्याची अब्रू राहू देत.

म्हणून त्यांनी मुलाला सुचवलं की लाल कापड आणि थोडा चुना आण, दुपारपर्यंत लिहून देते. ओयबेक म्हणाला, "ओयी, तुम्ही या भानगडीत पडू नका, हे शिकलेल्या माणसाचं काम आहे." आणि त्यानं ताश्कंदहून बेहजोद नावाचा सल्लागार बोलावला.

बेहजोद इस्तंबूलला शिकून आलेला, तिशीतला, मऊ बोलणारा तरुण होता. तो मनानं अत्यंत चांगला होता, हे इथेच नोंदवून ठेवलं पाहिजे, कारण पुढे जे झालं त्याचा दोष लोक वाईट माणसांना देतात आणि त्यामुळे चांगल्या माणसांच्या कामगिरीकडे दुर्लक्ष होतं. तो द्राक्षाच्या मांडवाखाली बसला, त्यानं हिरव्या चहाचे तीन पेले घेतले आणि कामाला सुरुवात केली.

"ओपा, तुम्ही रोटी का करता?"

"लोकांना भूक लागते म्हणून."

"ते झालंच. पण त्याच्या मागे काय आहे?"

ओपांनी मागे वळून पाहिलं. "सरपण."

"आणि त्याच्याही मागे?"

"त्याच्या मागे गफूर राहतो. त्याला विचार, त्याला भिंतीपलीकडचं सगळं माहीत असतं."

शेजारचा म्हातारा गफूर भिंतीपलीकडून म्हणाला की मला यात ओढू नका, मी झोपलोय.

बेहजोद जराही वैतागला नाही. त्यानं समजावून सांगितलं की रोटी तर कोणीही विकतं, लोक घेतात ती भावना. चांगल्या जाहीरनाम्याची घडण त्यानं अभ्यासानं पक्की केली होती. आधी म्हाताऱ्या बाईचे हात. मग एखादी नसलेली वस्तू. मग कोणाची तरी वाट पाहणं. आणि शेवटी एक छोटीशी शांतता, ज्यात वाचणाऱ्याचा गळा दाटून येतो. "आणि गळा दाटला ना ओपा, की माणूस पिशवीची मागची बाजू वाचत नाही." (मागच्या बाजूवर वजन, घटक आणि तारीख छापलेली असते.)

हात समोरच होते. बाकीच्या तीन गोष्टी कुठून आणायच्या या विवंचनेत तो हात धुवायला आत गेला, आणि दारावरच्या खिळ्याखाली उभा राहिला. हे काय म्हणून त्यानं विचारलं. ओपांनी सांगितलं. बेहजोदनं डोक्यावरची टोपी काढली. त्याचे डोळे खरोखर भरून आले. "ओपा," तो म्हणाला, "जाहीरनामा लिहायचाच नाहीये. तो तुम्ही सात वर्षं भिंतीला टांगून ठेवलाय."

असं असूनही लिहायला त्याला तीन आठवडे लागले. मजकूर ताश्कंदच्या बारा जणांना वाचून दाखवण्यात आला. त्यातल्या दहा जणांच्या डोळ्यांत पाणी आलं. उरलेले दोघे भट्टीवाले होते आणि त्यांच्या डोळ्यांत ते आधीपासूनच होतं. निकाल शंभर टक्के धरण्यात आला.

मग बेहजोद तो घेऊन मार्गिलानला आला. ओपांनी पुलाव केला होता, गल्लीतली माणसं जेवायला होती, गफूर मानाच्या जागी बसला होता. जेवण उरकलं, ताटं जरा मागे सरली, आणि नेमक्या त्या घटकेला बेहजोद उभा राहून वाचू लागला.

"आम्ही रोटी विकत नाही. मार्गिलानमध्ये एक आई आहे. तिच्या हातांवर आगीच्या खुणा आहेत. तिच्या भिंतीवर एक रोटी आहे, आणि त्या रोटीत एक घास कमी आहे. ती अजून वाट पाहते आहे. ही रोटी आता एका आईची नाही. ती आमची आहे, तुमची आहे, घरी यायचं राहून गेलेल्या प्रत्येकाची आहे."

आता, जेवण संपल्यावर कोणी उभं राहून गंभीर आवाजात काही म्हणू लागलं, तर त्या गावात त्याचा अर्थ एकच होतो, जेवणानंतरची दुआ. शब्द काय आहेत हे कोणी पाहत नाही. शेवटचं वाक्य संपताच गफूरनं दोन्ही तळवे वर केले. त्याचं पाहून सगळ्यांनी केले. ओपांनी केले. खुद्द बेहजोदचेही हात आपोआप वर गेले. डोकं इस्तंबूलला शिकून आलं तरी हात घरीच शिकलेले असतात. गफूरनं "ओमीन" म्हटलं, सगळ्यांनी "ओमीन" म्हणून तोंडावरून हात फिरवले आणि बैठक उठली. ओमीननंतर ताटातल्या घासाला हात लावत नाहीत, आणि झालेल्या गोष्टीवर वादही घालत नाहीत. ती वर पोचलेली असते. अशा प्रकारे एका व्यापारी मजकुराला थेट मंजुरी मिळाली, जी सुपरमार्केटच्या संचालक मंडळाच्याही आवाक्याबाहेरची होती.

'परतीची रोटी' या नावानं माल ताश्कंदला जाऊ लागला. पिशवीवर पुढे खिळ्यावरच्या उष्ट्या रोटीचं चित्र आणि जाहीरनामा, मागे जे असायचं ते. पहिल्याच महिन्यात माल संपला आणि पहिल्याच महिन्यात तक्रारीही आल्या. पिशवीवर चावलेली रोटी दाखवली आहे, पण आतली रोटी अखंड निघाली, असं गिऱ्हाइकांचं म्हणणं होतं. एका बाईंनी कळवलं की आपण ती पिशवी मुलासमोर उघडली आणि घरात फार विचित्र वातावरण झालं. सुपरमार्केटच्या तपासणी विभागानं शेरा मारला: 'उत्पादनात दोष. स्वरूप: संपूर्ण.'

इलाज सरळ होता. गल्लीतल्या चांगल्या दातांच्या बायकांना कामावर घेण्यात आलं. पण एकीचा घास दुसरीसारखा येईना. हौसेनं मदतीला आलेल्या गफूरच्या घासानंतर तर विकण्याजोगं फारसं उरत नसे. शिवाय आरोग्य खात्यानं हरकत घेतली. तोंडानं चावलेली रोटी विकता येणार नाही, मात्र तोंडानं चावल्यासारखी दिसणारी रोटी विकण्यास मनाई नाही, असा त्यांनी अतिशय समंजस निर्णय दिला. तेव्हा घासाचा लोखंडी साचा करायचं ठरलं. आणि जाहीरनाम्याशी प्रामाणिक राहायचं, तर तो घास दोनियोरचाच हवा होता.

ओयबेक खिळ्याखाली येऊन उभा राहिला. दोनच दिवस, तो म्हणाला. दातांचा डॉक्टर फक्त छाप घेणार.

"हात लावायचा नाही," ओपा म्हणाल्या. "तो येईपर्यंत ती तिथनं हलायची नाही. मी मेले तरी नाही."

"ओयी, तुम्ही त्या दिवशी ओमीन म्हणालात."

"मी पुलावासाठी म्हणाले."

"पुलावाचं तेव्हा कोणी नावही काढलं नव्हतं. तुम्ही म्हणालात ते 'ती आमची आहे, तुमची आहे' यावर. अख्ख्या गल्लीनं ऐकलंय."

ओपांनी वर फडक्याकडे पाहिलं. सत्तर वर्षांत त्यांनी ओमीन म्हणून फिरवलेला शब्द एकही नव्हता. त्यांनी स्टूल मागून घेतलं, स्वतः चढल्या, फडकं सोडवलं आणि रोटी ओयबेकच्या हातात दिली. पालथी धरू नकोस, एवढंच म्हणाल्या.

दातांच्या डॉक्टरनं छाप घेताना म्हटलं की घास फार लहान आहे, माणूस पोटभर जेवून निघाला असणार. ओपांना त्या दिवशीचं सगळं आठवत होतं. त्यांनी त्याला चार वेळा वाढलं होतं आणि दारात टॅक्सीवाला ओरडत होता.

दोन दिवसांनी रोटी परत आली नाही. ती ताश्कंदला फोटोसाठी गेली होती. मग प्रदर्शनासाठी थांबली. मग सुपरमार्केटच्या प्रवेशदाराशी काचेच्या पेटीत ठेवली गेली, पेटीत योग्य तेवढी थंडी सोडण्यात आली आणि शेजारी पहारेकरी बसवण्यात आला. ओपांच्या भावनांचा कंपनीनं पूर्ण विचार केला होता. त्यांना त्या रोटीचा चौकट केलेला मोठा फोटो पाठवण्यात आला, खिळ्याला टांगण्यासाठी. फोटोला मुंग्या लागत नाहीत, हा त्यातला उघड फायदा. ओपांनी तो उलटा करून भिंतीला टेकवून ठेवला. खिळा तसाच राहिला.

"ओयी, माझी रोटी आहे ना?" शुक्रवारी फोनवर आवाज आला.

"आहे, बाळा."

(ती होती. पहाऱ्यात होती.)

साच्यानं काम झपाट्यानं होऊ लागलं, पण त्यातून दुसरा प्रश्न उभा राहिला. रोटीचा कण जमिनीवर पडला तर उचलून कपाळाला लावणारं ते गाव, तिथे कापलेले घास टाकणार कोण? अर्धचंद्रासारख्या तुकड्यांची पोती भरली. गल्लीत सकाळी दुधात घास, दुपारी शोरब्यात घास, पाहुण्यांपुढे घास. गफूरच्या कोंबड्यांनीही पुढे पुढे तोंड फिरवलं. शेवटी बेहजोदनं मार्ग काढला. तुकडे छोट्या पुड्यांत 'निघणाऱ्यांसाठी घास' म्हणून स्टेशनांवर विकायला ठेवले. त्यामुळे ज्या घासाचे पैसे देऊनही तो गिऱ्हाइकाला मिळत नव्हता, तोच घास त्याला वेगळे पैसे देऊन मिळू लागला. एका पावाचे असे दोनदा पैसे करणं फरगान्याच्या कारखान्यालाही जमलं नव्हतं, आणि त्यांना तर पाण्याची मदत होती.

अशी भरभराट चालू असताना, पांढरी तुती पिकण्याच्या दिवसांत, कोणालाही न कळवता दोनियोर घरी आला.

त्यानं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं, भावाला मिठी मारली, अंगणातल्या नळावर हातपाय धुतले. केस विरळ झाले होते. तिकडे बांधकामावरून पडलेल्या फळीनं समोरचे दोन दात गेले होते आणि तिथे सोन्याचे दात होते. जेवणाचा दस्तरखान पसरला, चहा आला, गरम रोटी आली. दोनियोरनं ती जवळ ओढली नाही.

"आधी माझी," तो म्हणाला आणि दारावर पाहिलं.

गफूरही भिंतीपलीकडे गप्प होता, यावरून प्रसंग ओळखावा. मग ओयबेकनं सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता सवयीनं जाहीरनामाही म्हणून दाखवला. दोनियोरनं ऐकून घेतलं. त्या रात्री तो शोरबा प्यायला, रोटीला शिवला नाही. स्वतःची संपल्याखेरीज दुसरी खायची नाही, हेच तो सात वर्षं घोकत आला होता.

दुसऱ्या दिवशी तिघं कामचिक घाट ओलांडून ताश्कंदला गेले. काच आपोआप उघडली. समोरच ती होती. दोनियोर पेटीपाशी उभा राहून आपला घास पाहत राहिला. सात वर्षांपूर्वीचे स्वतःचे, धड दात त्या कडेवर उमटलेले होते.

सुपरमार्केटनं त्यांना अतिशय सन्मानानं वागवलं. ब्रँड-संरक्षण विभागाच्या बाईंनी चहा मागवला. रोटी मूळ मालकाला देण्यास तत्त्वतः अडचण नव्हती, फक्त ओळख पटायला हवी होती. या आधी दोन तोतये येऊन गेले होते. पासपोर्ट चालत नव्हता, कारण पासपोर्टनं रोटी चावता येत नाही. नमुन्याची एक रोटी आणण्यात आली आणि दोनियोरला चावायला सांगितलं. तो चावला. बाईंनी साचा शेजारी ठेवून पाहिलं. सोन्याच्या दातांची खूण फारच सरळ आली होती.

"जुळत नाही हो," त्या हळहळून म्हणाल्या. "मला तुमच्याबद्दल काही शंका नाही. पण हे तुम्ही नाही."

"माझ्या पोटचा आहे," ओपा म्हणाल्या.

"ते आम्ही कुठं नाकारतोय, ओपा?"

तेवढ्यात बेहजोद धावत आला. दोनियोरला पाहून तो रडला. त्यानं त्याला मिठी मारली, ओपांच्या हातांचं चुंबन घेतलं, अल्लाचे आभार मानले. मग डोळे पुसून त्यांना बाजूला नेलं. "ओपा, ही आयुष्यातली सगळ्यात चांगली बातमी आहे. ही कृपा करून कुठे बोलू नका."

त्यानं पिशवी पुढे केली. त्यावर छापलेलं होतं, ती अजून वाट पाहते आहे. कायदा विभागाच्या मते मुलगा परत आला तर हे वाक्य गिऱ्हाइकाची फसवणूक ठरत होतं. सगळा माल परत घ्यावा लागला असता, भट्टी बंद झाली असती, गल्लीतल्या बायकांचं काम गेलं असतं. तेव्हा कंपनीची विनंती एवढीच होती की दोनियोरनं राहावं, खावं, प्यावं, आनंदात असावं, फक्त तो वाटेत आहे असं समजण्यात यावं.

ओयबेक फरशीकडे पाहत होता. दोनियोरनं आईकडे पाहिलं. ओपांच्या डोळ्यांपुढे त्या बायका आल्या, एकेक जण नावानिशी.

बाहेर पडताना पेटीपाशी गर्दी होती. पिशव्यांनी हात भरलेली एक बाई जाहीरनामा वाचून डोळे टिपत होती. शेजारी आपल्यासारखंच म्हातारं माणूस पाहून ती ओपांना म्हणाली, "बघा ना, बिचारी. अजून वाट पाहते आहे."

दोनियोर आईचा दंड धरून उभा होता.

"हो ना," ओपा म्हणाल्या. "अजून पाहतेय."

त्यानंतर दोनियोर घरी राहू लागला, आणि वाटेतही राहू लागला. गल्लीत कोणी "कधी आलास रे?" विचारलं तर "अजून यायचोय" म्हणे. विचारणाराही समजून घेई, कारण त्याची बायको भट्टीवर कामाला होती. हातांना काम हवं म्हणून ओयबेकनं त्याला साच्यावर बसवलं. दिवसभर तो स्वतःच्या जुन्या दातांनी रोट्यांचे घास काढत असे, आणि ताटातल्या रोटीला मात्र शिवत नसे. भात खाई, शोरबा पिई. ओपा त्याच्याकडे पाहत राहिल्या आणि वाळत चालल्या.

मग एका संध्याकाळी, माल गेल्यावर, त्यांनी विझत्या तंदुरात एकच रोटी लावली. मधोमध आईच्या ठशानं आठ पाकळ्यांचं फूल उमटवलं. रोटी घेऊन त्या अंगणात आल्या, दोनियोरच्या पुढ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चाव."

"ओयी, माझी अजून..."

"चाव म्हणते ना. आणि निघ."

"कुठं?"

"तुतीपर्यंत. किती लांब जायचं हे रिवाजात कुठं सांगितलंय?"

दोनियोरनं सोन्याच्या दातांनी एक घास घेतला. ओपांनी उरलेली रोटी फडक्यात बांधली, आत जाऊन खिळ्याला टांगली आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. तो गल्लीच्या टोकाच्या तुतीपर्यंत गेला, झाडाला हात लावला आणि वळला. ओपा उंबऱ्यावर होत्या. त्यांनी कपाळावर हात आडवा धरला होता, जशा त्या सात वर्षं धरत आल्या होत्या, आणि त्याला येताना पाहत होत्या.

तो आला. खिळ्यावरची रोटी काढून खाली बसला आणि त्यानं ती सगळी संपवली. मांडीवर पडलेला कणसुद्धा बोटानं टिपून खाल्ला.

हे गफूरनं भिंतीवरून पाहिलं. गफूरनं ओयबेकला सांगितलं, ओयबेकनं बेहजोदला. बेहजोदनं फोनवर ते दोनदा सांगायला लावलं. आठवड्याभरात कायदा विभागानं कळवलं की दोन वेगवेगळी उत्पादनं असली तर आई एकावर वाट पाहू शकते आणि दुसऱ्यावर मुलगा परत येऊ शकतो, त्यात फसवणूक काहीच नाही. तेव्हापासून 'परत आलेली रोटी' बाजारात आहे. ती अखंड असते, म्हणून थोडी महाग पडते.

तिचा जाहीरनामा जरा लांबला, त्यामुळे पिशवीवर मावत नाही आणि असा वेगळा छापून वाटावा लागतो. त्यात म्हाताऱ्या बाईचे हात आहेत, भिंतीवरचा रिकामा खिळा आहे, वाट पाहणं आहे. शेवटची ती छोटी शांतताही आहे. ती आत्ताच, दोनियोरनं मांडीवरचा कण टिपला तेव्हा, होऊन गेली. तुमचा गळा जरासा दाटला असेल तर संकोचू नका, बाराही जणांचा दाटला होता. (या खेपेला भट्टीवाल्यांना बोलावलं नव्हतं.) रोट्या आत शिरल्यावर डाव्या हाताच्या फळीवर आहेत. पिशवीची मागची बाजू वाचण्यासारखी नाही.